संरक्षित ग्रामीण भूप्रदेश
संरक्षित ग्रामीण भूप्रदेश : शेती, पशुपालन, वनोपज-संकलन इ. मानवी व्यवहारांतून दीर्घकाळात घडलेला आणि त्या व्यवहारांसह ज्याचे नैसर्गिक व सांस्कृतिक गुण राखण्याचे ठरविण्यात आले आहे, असा वस्ती असलेला प्रदेश. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य यांत मानवी वावर शक्य तेवढा कमी करणे हे धोरण असते. संरक्षित ग्रामीण भूप्रदेशात शेतकरी, गुराखी, वनोपज गोळा करणारे यांचे काम हेच संरक्षणाचे एक साधन समजले जाते. त्यामुळे अशा प्रदेशाचे नियोजन करताना दोन प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी शोधावी लागतात : तेथील कोणत्या गोष्टी राखावयाच्या आणि तेथील लोकांनी पुढील पिढ्यांतही कशावर उपजीविका करावयाची. यांपैकी एकाच प्रश्नाचा विचार केलेल्या योजना बहुधा अपुऱ्या ठरल्या आहेत. प्रस्तुत नोंदीत या संकल्पनेचा विकास, तिची भारतातील कायदेशीर चौकट व यवतमाळ जिल्ह्यातील अभयारण्य-परिसराच्या उदाहरणावरून नियोजनाची प्रमुख अंगे यांची माहिती दिली आहे. [⟶ अभयारण्य, राष्ट्रीय उद्याने].

संकल्पनेचा विकास : संरक्षित क्षेत्राची आरंभीची कल्पना निर्मनुष्य रानाची होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८७२ मध्ये स्थापन झालेले यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान हे तिचे आद्य उदाहरण होय. दाट वस्तीच्या देशांत ही कल्पना जशीच्या तशी लागू पडणे कठीण होते. ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय उद्याने निर्माण करण्यात आली, तेव्हा त्यांतील बहुतेक जमीन खाजगी मालकीचीच राहिली. त्यांपैकी लेक डिस्ट्रिक्ट (१९५१) या उद्यानातील उघडे डोंगर, दगडी कुंपणे व कुरणे ही शतकानुशतकांच्या मेंढपाळीतून निर्माण झालेली असून २०१७ मध्ये या प्रदेशाचा जागतिक वारसा यादीत सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून समावेश झाला. फ्रान्समध्ये १९६७ पासून प्रादेशिक निसर्ग उद्यानांची पद्धत सुरू झाली. तीत प्रदेशातील नगरपालिका व ग्रामसंस्था एका सनदेवर स्वेच्छेने सह्या करतात. ठराविक मुदतीनंतर सनदेचा फेरविचार होतो आणि उद्दिष्टांचे पालन न झाल्यास उद्यानाचा दर्जाही जाऊ शकतो. जपानमधील सातोयामा म्हणजे भातखाचरे, तळी व सरपणाच्या राया यांनी वेढलेली खेडी हा याच प्रकारचा भूप्रदेश होय. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने संरक्षित क्षेत्रांचे जे वर्गीकरण केले आहे, त्यात अशा प्रदेशांसाठी पाचवा वर्ग स्वतंत्र ठेवलेला आहे.

महाराष्ट्रात या नावाचा वर्ग कायद्यात नसला, तरी जमिनीचा उपयोग व तिचे जतन यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्था जुन्या आहेत. देवराया, गावतळी, गायराने ही त्यांची उदाहरणे होत. वऱ्हाडात गुरचरणासाठी राखलेली सरकारी जमीन अद्याप ‘ई-क्लास’ या नावाने ओळखली जाते. इंग्रजी अंमलात तेथील सरकारी जंगलांचीही लाकूड, गवत व चराई या प्रमुख उपयोगांनुसार अ, ब व क अशा वर्गांत विभागणी केलेली होती. या व्यवस्थांत महसुलाचा हेतू प्रबळ होता. तथापि गावाच्या शिवारात काही जमीन नांगराखाली न आणता सर्वांसाठी राखावी, हे तत्त्व त्यांतून रूढ झाले.

भारतातील कायदेशीर चौकट : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने घोषित करण्यात येतात. अभयारण्याच्या हद्दीतील लोकांच्या हक्कांची चौकशी करून त्यांचा निर्णय करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे असते. या अधिनियमात २००२ मध्ये केलेली व २००३ पासून अंमलात आलेली दुरुस्ती ग्रामीण भूप्रदेशांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिने संवर्धन राखीव क्षेत्र आणि सामूहिक राखीव क्षेत्र असे दोन नवे प्रकार निर्माण केले. पहिला प्रकार संरक्षित क्षेत्राला लागून असलेल्या किंवा अशी क्षेत्रे जोडणाऱ्या शासकीय जमिनींसाठी आणि दुसरा खाजगी वा सामूहिक जमिनींसाठी आहे. दोहोंत स्थानिक प्रतिनिधींचा समावेश असलेली समिती व्यवस्थापनात सहभागी असते.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ या कायद्याखाली संवेदनक्षम क्षेत्रे घोषित होतात. महाराष्ट्रात डहाणू (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) व माथेरान (२००३) ही अशी क्षेत्रे आहेत. त्यांत कोणते व्यवहार वर्ज्य, कोणते नियंत्रित व कोणते मुक्त हे अधिसूचनेत सांगितलेले असते आणि राज्य शासनाने क्षेत्राची बृहत् योजना करावी, अशी अपेक्षा असते. डहाणू येथे १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या प्राधिकरणाने अनेक वर्षे प्रस्तावांची जाहीर छाननी केली. केवळ अधिसूचना पुरेशी नसून तिच्यामागे लोकांना ऐकून घेणारी संस्था असावी लागते, हे त्या अनुभवावरून दिसते. अभयारण्यांच्या सभोवतीही संवेदनक्षम पट्टे ठरविण्यात येतात. हे पट्टे सर्वत्र किमान एक किमी. रुंदीचे असावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये दिला होता. एप्रिल २०२३ मध्ये तो शिथिल करून स्थलपरत्वे रुंदी ठरविण्यास मुभा देण्यात आली.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याने ग्रामसभेस सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. वन्य जीवांच्या संकटग्रस्त अधिवासातून लोकांना हलवावयाचे झाल्यास आधी त्यांचे हक्क मान्य होणे व ग्रामसभेची स्वेच्छेने, माहितीपूर्वक दिलेली संमती मिळणे त्यात बंधनकारक आहे. यांशिवाय महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ तसेच जैविक विविधता अधिनियम, २००२ यांतील तरतुदींचाही नियोजनास उपयोग होतो. अर्थात कायद्यांची उणीव नाही. ते वेगवेगळ्या खात्यांकडे विभागलेले असल्यामुळे एकाच शिवारासाठी अनेक योजना होतात आणि त्या परस्परांशी जुळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण : विदर्भातील यवतमाळ जिल्हा (क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी.; लोकसंख्या २७,७२,३४८–२०११) हा वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेला आहे. मध्यभागी पठार व डोंगररांगा, त्यांवर सागाची शुष्क पानझडी वने आणि नद्यांच्या खोऱ्यांत काळी कपाशीची जमीन अशी त्याची सर्वसाधारण रचना आहे. वनांत सागाबरोबर ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई, पळस, बांबू इ. वनस्पती आढळतात. जिल्ह्याच्या आग्नेय भागात पांढरकवडा व घाटंजीच्या परिसरात टिपेश्वर अभयारण्य (१४८·६३ चौ. किमी.; १९९७) असून टिपाई देवीच्या स्थानावरून त्याला हे नाव मिळाले आहे. नैर्ऋत्येस उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या वळणात पैनगंगा अभयारण्य आहे. पूर्वेस चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा व दक्षिणेस तेलंगणातील कव्वाल हे व्याघ्र प्रकल्प आहेत. वायव्येस वाशिम जिल्ह्यात काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य (१८·३२ चौ. किमी.) आहे.

या संरक्षित क्षेत्रांच्या दरम्यान शेतीचा विस्तीर्ण प्रदेश आहे. यवतमाळ-दारव्हा मार्गावरील अडाण नदीकाठचे बोरी अरब हे त्यातील एक गाव. अशी गावे कोणत्याही अभयारण्याच्या हद्दीत येत नाहीत आणि म्हणून संरक्षणाच्या आराखड्यांत त्यांचा उल्लेखही सहसा येत नाही. तथापि अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, खुनी इ. पैनगंगेच्या खोऱ्यातील नद्या व त्यांना मिळणारे नाले यांचे झाडोऱ्याचे काठ हेच मोकळ्या शिवारात वन्य प्राण्यांना आडोसा देणारे पट्टे असतात. जिल्ह्यातील संरक्षणाचे भवितव्य अभयारण्यांइतकेच या मधल्या शिवारांच्या स्थितीवर अवलंबून आहे. दोन घटनांनी ही गोष्ट स्पष्ट केली.

पहिली घटना राळेगाव-केळापूर परिसरातील टी-१ अथवा ‘अवनी’ या वाघिणीची. २०१६ ते २०१८ या काळात या भागात सु. १३ माणसे वाघाच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली व त्यांपैकी बहुतेक मृत्यूंस ही वाघीण जबाबदार धरली गेली. मृतांत मुख्यतः शेतावर काम करणारे व गुरे चारणारे लोक होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी वाघिणीला गोळी घालून ठार करण्यात आले. या कारवाईवर देशभर वाद झाला. या हल्ल्यांचे क्षेत्र अभयारण्याच्या बाहेर, तुकड्यातुकड्यांच्या वनांत व त्यांना लागून असलेल्या शेतांत होते. त्या वनतुकड्यांसाठी, तेथील गुरचरणासाठी आणि पहाटे-संध्याकाळी शेतावर जाणाऱ्या माणसांसाठी आधीपासून आखलेली समावेशक व्यवस्था नव्हती. तिची किंमत आधी माणसांना व नंतर वाघिणीला मोजावी लागली.

दुसरी घटना टिपेश्वर येथे जन्मलेल्या सी-१ या तरुण नर वाघाची. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बसविला. जून २०१९ मध्ये तो टिपेश्वरमधून बाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील अनेक जिल्हे ओलांडीत १,३०० किमी.हून अधिक वाटचाल करून डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत शेते, नाले, रस्ते व वस्त्यांची शिवारे होती. तो मुख्यतः रात्री चालत असे व दिवसा झाडोऱ्यात थांबत असे. तो विसावला असताना झुडपांत शिरलेल्या लोकांपैकी एक जण जखमी झाल्याचा प्रसंग वगळता या प्रवासात मोठा संघर्ष घडला नाही. २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात आढळलेला एक वाघही अंगावरील पट्ट्यांच्या तुलनेवरून टिपेश्वरचाच असल्याचे दिसून आले. दीडशे चौ. किमी.हून लहान असलेल्या अभयारण्यात वाघांची संख्या वाढली, की वयात आलेल्या नरांना नवे क्षेत्र शोधण्यासाठी बाहेर पडावेच लागते. अभयारण्याची सीमा माणसाच्या नकाशावर असते; प्राण्याच्या वाटा नाल्या-ओढ्यांच्या दिशेने जातात.

या प्रदेशातील माणसांचे प्रश्नही तितकेच तीव्र आहेत. जिल्ह्याचे अर्थकारण मुख्यत्वे कोरडवाहू कापूस, तूर व सोयाबीन यांवर चालते आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर ज्ञात झाले आहे. २०१७ च्या हंगामात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात सु. २० शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी, मारेगाव इ. तालुक्यांत गोंड, परधान आणि महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक असलेले कोलाम यांची वस्ती आहे. कोलामांच्या ‘पोड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान वस्त्या बहुधा वनाच्या कडेला असतात. रोही व रानडुकरे यांच्या उपद्रवामुळे हंगामात शेतकऱ्याला रात्रभर जागलीला जावे लागते. ज्या माणसाचे पीक अशा रीतीने जाते, त्याला वाघाच्या रक्षणाचे महत्त्व केवळ उपदेशाने पटणार नाही.

नियोजनाची अंगे : (१) भूवापर : नियोजनाचा आरंभ शिवाराच्या नकाशापासून होतो. वने, ई-क्लास जमिनी, नाल्यांचे काठ, गावतळी, पांदण रस्ते व धुऱ्यांवरील झाडे यांची नोंद करून ज्या पट्ट्यांतून वन्य प्राणी ये-जा करतात, त्यांवर बांधकाम, खाणकाम व अतिक्रमण टाळणे हे पहिले काम होय. यासाठी शेते संपादन करण्याची गरज नसते. नाल्याकाठचा झाडोरा न तोडणे व ई-क्लास जमिनीवर गवत वाढू देणे यांमुळे गुरांना वैरण मिळते, मातीची धूप थांबते आणि प्राण्यांनाही वाट राहते.

(२) दळणवळण : नागपूर-हैदराबाद दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ पांढरकवड्यावरून जातो. याच महामार्गाच्या पेंच परिसरातील भागात वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून उन्नत मार्ग बांधण्यात आले आणि प्राणी त्यांखालून ये-जा करीत असल्याचे छायाचित्रण-सापळ्यांवरून दिसून आले. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किमी. लांबीचा लोहमार्ग दारव्हा, दिग्रस, पुसद या भागांतून आखलेला असून त्याचा वर्धा-कळंब हा टप्पा २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. जिल्ह्याला या लोहमार्गाची दीर्घकाळ प्रतीक्षा होती. तो जेथे नदी-नाले ओलांडतो, तेथील पुलांखाली काठाची कोरडी वाट मोकळी ठेवल्यास रेल्वे व वन्य जीव या दोहोंची सोय होते. अशी तरतूद आराखड्यातच केल्यास खर्च कमी येतो. मागाहून ती करणे फार महाग पडते.

(३) शेती : मिश्र पीकपद्धती, कपाशीबरोबर तुरीच्या ओळी, मृद्‌संधारण, शेततळी व कीटकनाशकांचा मर्यादित वापर यांमुळे शेतकऱ्याची जोखीम कमी होते. २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळ जिल्ह्याचाही समावेश असून हवामानातील बदलांना तोंड देऊ शकेल अशी शेती हे त्याचे उद्दिष्ट आहे. पीकसंरक्षणासाठी तारांच्या कुंपणात थेट वीजप्रवाह सोडण्याचा प्रकार माणसे व प्राणी दोहोंस प्राणघातक ठरतो. सौर ऊर्जेवरील कुंपणात प्रवाहाचा झटका क्षणिक असल्यामुळे प्राणी मागे फिरतो, पण मरत नाही. अशा कुंपणासाठी व स्वयंपाकाच्या गॅससाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून (२०१५) साहाय्य दिले जाते. तारेचे फास ही वेगळी समस्या आहे. गळ्यात असा फास रुतलेल्या वाघिणीची २०२५ मध्ये टिपेश्वर येथे सुटका करावी लागली.

(४) वनोपज व ग्रामसभा : तेंदूपाने, मोहफुले, चारोळी, डिंक व बांबू यांपासून उन्हाळ्याच्या महिन्यांत, शेतीत काम नसताना, उत्पन्न मिळते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हे. वनावर सामूहिक हक्क मिळाला. वऱ्हाडातील अमरावती जिल्ह्याच्या पायविहीर या गावास २०१२ मध्ये १९३ हे. वनाचा असा हक्क मिळाल्यावर गावाने उजाड टेकड्यांवर लागवड व जलसंधारण केले, चराई-बंदीचे नियम स्वतः घालून घेतले आणि सीताफळांच्या विक्रीतून उत्पन्न उभे केले. ज्या वनावर गावाचा कायमचा हक्क आहे, ते राखण्यात गावाचा प्रत्यक्ष लाभ असतो, हे या उदाहरणांचे सार होय.

(५) पुनर्वसन व भरपाई : टिपेश्वर अभयारण्यातील टिपेश्वर व मारेगाव या गावांचे पुनर्वसन करण्यात आले आहे. स्थलांतरामुळे अधिवास मोकळा होतो हे खरे; परंतु मोहाची झाडे, देवस्थान व शेजारपाजार यांपासून तुटलेल्या कुटुंबाला रोख रकमेपेक्षा अधिक काही द्यावे लागते. कसण्याजोगी जमीन, पाणी व नव्या ठिकाणचे वनहक्क यांवर त्याचे यश अवलंबून असते. गुरांची व पिकांची भरपाई किती दिली जाते, याइतकेच ती किती दिवसांत मिळते, यालाही महत्त्व आहे. विलंब झाल्यास मारलेल्या गुराच्या मृत देहावर विष टाकण्याची प्रवृत्ती बळावते व त्यात वाघाबरोबर इतर प्राणी व पक्षीही मरतात.

(६) पर्यटन : सफारीमुळे वाहनचालक, मार्गदर्शक व निवासव्यवस्था यांत रोजगार मिळतो. तो प्रवेशद्वाराजवळच्या थोड्या गावांपुरता राहतो, ही त्याची मर्यादा आहे. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर (जागतिक वारसा, २०१२) लगतच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्या प्रवेशशुल्क गोळा करून पुष्पहंगामातील गर्दीचे नियंत्रण करतात. उत्पन्नाचा वाटा गावांकडे राहण्याच्या दृष्टीने ही पद्धत अनुकरणीय आहे. तथापि गर्दीचा ताण तेथेही जाणवतो.

मूल्यमापन : पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (२०११) संवेदनक्षम क्षेत्रांचे नियम ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवावेत, अशी शिफारस केली होती. कस्तुरीरंगन समितीने (२०१३) शेती व वस्तीचे प्रदेश बहुतांशी वगळून नैसर्गिक भूप्रदेशावर भर दिला. दोन्ही अहवालांवर दीर्घ वाद झाला आणि पुष्कळ गावांत अहवालातील मजकूर समजण्यापूर्वीच विरोध उभा राहिला. योजना लोकांच्या भाषेत, त्यांच्या गट क्रमांकांसह व त्यांच्या प्रश्नांच्या उत्तरांसह गावापुढे न ठेवल्यास असेच घडते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात नव्या मोठ्या संरक्षित क्षेत्रास वाव थोडा आहे. तेथे उपलब्ध वनतुकडे, नदीकाठ, ई-क्लास जमिनी व शेते यांची एकत्र आखणी करून ग्रामपंचायतींच्या वार्षिक विकास आराखड्यांत ती समाविष्ट करणे, वन, महसूल, कृषी व बांधकाम या खात्यांनी एकच नकाशा वापरणे आणि ग्रामसभेस त्यात बदल सुचविण्याचा अधिकार देणे हा व्यवहार्य मार्ग आहे. त्याचे यश केवळ वाघांच्या गणनेवरून मोजता येणार नाही. वनाच्या कडेच्या पोडावरील माणसाचे सुरक्षित जाणे-येणे, कापूस वेचणाऱ्या मजुराचे आरोग्य, उन्हाळ्यात नाल्याला राहणारे पाणी आणि तरुण पिढीला गावात मिळणारा रोजगार हेही त्याचे निकष होत. [⟶ ग्रामीण विकास, वन्य जीव संरक्षण, यवतमाळ जिल्हा].